पोरगा ठीक आहे

८ फेब्रुवारी १९८७, रविवार. पांढुर्णा.

आजपासून डायरी. कोणाला दाखवायची नाही. बाबांना मंडीतल्या एका व्यापाऱ्यानं दिली, बाबांनी मला दिली. दर पानाखाली सरकीच्या ढेपेची जाहिरात आहे. जानेवारी कोरा गेला. तो मी मनात लिहिला असं समजायचं.

सौंसरला जाऊन मुलगी पाहून आलो. जायची इच्छा नव्हती. पण आईनं शर्ट इस्त्री करून ठेवला होता आणि इस्त्री वाया घालवणं मला पटत नाही. लीलाबाई आत्या तिथंच राहते, तिनंच हे जमवलं. मुलीचं नाव मालती. वडील सुखदेव, संत्र्याच्या बागेवर देखरेखीला आहेत. मालती घरीच शिलाईचं काम करते.

पोहे होते. मालतीनं एकच गोष्ट विचारली, तुम्ही काय करता. मी म्हटलं, सध्या बरंच काही चालू आहे. बाबांना खोकला आला.

माझ्या शर्टाचं वरून दुसरं बटण एका धाग्यावर लोंबत होतं. तिनं पाहिलं. ती पाहून राहिली हे मीही पाहिलं. उठताना तिनं खुर्चीला अडकलेला हिरवा दोरा काढला आणि बोटाला गुंडाळत गुंडाळत आत गेली. दारात डोकं थोडं खाली घेतलं. दार काही एवढं ठेंगणं नाही, पण सवय असेल. हे सगळं इतकं लिहायचं कारण नाही.

स्टँडवर आत्यानं विचारलं, काय बे उत्तम, कशी वाटली पोरगी? मी म्हटलं, ठीक आहे. पुरुषानं अशा वेळी एवढंच बोलावं. वजन राहतं.

संकल्प: सकाळी लवकर उठणे. हिंदी टायपिंग पूर्ण करणे. बटण लावणे.

११ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी अकरा (उठायला उशीर झाला, थंडी आहे).

सौंसरच्या बसच्या कंडक्टरनं आत्याचा निरोप आणला. स्टँडवरच्या पानठेल्यावर सांगून गेला, तिथून घरी आला. मुलीकडच्यांची ना नाही. मुलीला विचारलं तर ती म्हणाली, पोरगा ठीक आहे. आता त्यांना घर पाहायला बोलवा.

आईनं सगळ्यांच्या हातावर गूळ ठेवला. माझ्याही ठेवला. मी खाल्ला, पण चव लागली नाही.

ठीक?

१२ फेब्रुवारी, गुरुवार.

रात्री झोप नीट आली. तरी विचार चालू होता म्हणायला हरकत नाही.

ठीक म्हणजे काय? स्टेशनसमोरचा चहा ठीक असतो. मागच्या साली इटारसीपर्यंत उगाच गेलो होतो, तिथली धर्मशाळा ठीक होती, म्हणजे ढेकूण होते पण कमी. शाळा सोडली तेव्हाच्या दाखल्यावर हिंदीत लिहिलं आहे, चाल-चलन संतोषजनक. तो गुरुजी मला ओळखतही नव्हता. म्हणजे जो ओळखत नाही त्यानं संतोषजनक लिहावं आणि जिनं समोर बसून पोहे दिले तिनं ठीक म्हणावं.

आपल्याकडे शब्द नाहीत असं नाही. साजरा आहे. पोरगा साजरा हाये, असं म्हणायला किती वेळ लागतो? बैलालाही साजरा म्हणतात.

माझा स्वतःसाठी काही आग्रह नाही. प्रश्न भाषेचा आहे.

बाबा म्हणाले, मले मंडीतून सुट्टी नाई, तू तसाही फिरूनच राहिला असतो, तर तूच जाऊन सुखदेवभाऊले सांग, या घर पाहायले. आमच्यात निरोप कंडक्टरबरोबर चालतो, पोस्टकार्डावर मयतीची खबर चालते, पण घर पाहायचं बोलावणं घरच्या माणसानं जाऊन, त्यांच्या घरचं पाणी पिऊन द्यायचं. त्याशिवाय मुलीकडचे उंबरा ओलांडत नाहीत. आई म्हणाली, ज्याचं लग्न त्यालेच कसं पाठवता? बाबा म्हणाले, तोंड आहे ना त्याले, पाणीच तर प्यायचं आहे.

जबाबदारी घेतली. रविवारी जातो.

१५ फेब्रुवारी, रविवार.

सौंसरला गेलो. स्टँडवर प्रभाकर सर भेटले. आठवीत मला मराठी शिकवायचे, आता रिटायर होऊन सौंसरला मुलाकडे राहतात. मी सहज विचारलं, सर, ठीकला दुसरे शब्द कोणते? सर रिटायर झाल्यापासून त्यांना कोणी काही विचारत नसावं. बाकावर रुमाल अंथरून बसले.

बरा. साधारण. बेताचा. चालण्यासारखा. खपण्यासारखा (हा मालासाठी). निरुपद्रवी (हा सापासाठी, पण सर म्हणाले जावयालाही चालतो). समाधानकारक. आणि सगळ्यात भारी, अनाक्षेपार्ह, म्हणजे ज्यावर कोणी आक्षेप घेऊ शकत नाही असा. हा शब्द ऐकून मला आपण सरकारी बिल्डिंग असल्यासारखं वाटलं.

सरांनी विचारलं, हे कोणाबद्दल आहे? मी म्हटलं, आहे एक ओळखीचा. सर म्हणाले, त्याचं नाव उत्तम आणि अभिप्राय ठीक, सरासरी काढली तर बरा निघतो, चालू दे त्याचं. सर पूर्वीपासून टोमणे मारतात.

शेवटची बस लागली होती. सुखदेवभाऊंकडे जाणं राहिलं. पण बोलावणं देण्याआधी शब्दाचा निकाल लागलेला बरा. ठीकवर जाऊन लग्न केलं तर जन्मभर ठीकवरच राहावं लागेल.

घरी बाबांना सांगितलं, दिलं बोलावणं. ते म्हणाले बागेचं काम उरकलं की येतो. हे खोटं नाही. फक्त अजून झालेलं नाही.

१९ फेब्रुवारी.

घरात चुना लावून राहिले. आई भिंतींना, बाबा मंडीतून आल्यावर छताला. माझी खाट अंगणात. चुन्यानं डोकं दुखतं म्हणून आठवडी बाजारात फिरून आलो. संकल्प: एका शब्दाचा कोश तयार करणे. असा कोश अजून कोणी केला नसावा.

टायपिंगला गेलो नाही. इन्स्टिट्यूटच्या मशीनचा क अडकतो. क नसलेलं टायपिंग शिकून काय फायदा.

२२ फेब्रुवारी, रविवार.

पुन्हा सौंसर. आज नक्की ठरवून गेलो होतो. पण छोट्या लाईनची गाडी स्टेशनात उभी होती. तिच्यात बसून बरीच वर्षं झाली होती. लोधीखेड्यापर्यंत गेलो. ठीक वाटलं. (हा शब्द मी इथं विचार करून वापरला आहे.)

लोधीखेड्यात एका आडतीवर संत्री निवडून राहिले होते. बाया खाली बसलेल्या, समोर ढीग. संत्रं हातात घ्यायचं, एकदा फिरवायचं, टाकायचं. मोठं चमकदार एका ढिगात, मधलं दुसऱ्यात, डाग पडलेलं तिसऱ्यात. मी व्यापाऱ्याला विचारलं, मधल्याला काय म्हणता? तो म्हणाला, काय म्हणायचं, मधलंच हाये ते. मी विचारलं, त्याला वाईट वाटत असेल ना? त्यानं विचारलं, तुमाले किती पेट्या पाहिजेत. मी म्हटलं, मी भाषेचं काम करून राहिलो. मग तो माझ्याकडे लक्ष देईना.

एका बाईनं मधल्या ढिगातलं एक संत्रं खायला दिलं. गोड होतं. याचा विषयाशी संबंध नाही.

परत येताना बसमध्ये झोप लागली. त्यामुळे सौंसर मागे गेलं. डायरेक्ट पांढुर्णा.

१ मार्च, रविवार.

आत्याकडे गेलो. थेट मुद्द्यावर आलो. म्हटलं, आत्या, तू मालतीला जाऊन विचार, ठीकच्या वरचा एखादा शब्द आहे का तिच्याकडे.

आत्या भाकरी थापून राहिली होती. हात थांबला. म्हणाली, कायचा शब्द? मी समजावून सांगितलं. साजरा म्हणाली तर उत्तम, चांगला म्हणाली तरी मी विचार करेन. आत्या म्हणाली, बाप्पा, पोरीनं होय म्हणलं, तिच्या बापानं होय म्हणलं, आता तू काय परीक्षेचे मार्क वाढवून मागून राहिला का? मी म्हटलं, फक्त रिचेकिंग. ती म्हणाली, आणि बोलावणं दिलं का रे त्यांले? मोतीरामदादा, तुहा बाप, म्हणे दिलं, सुखदेवभाऊ तर काई बोलले नाई. मी म्हटलं, त्याचंच चालू आहे.

निघताना म्हणाली, थांब, मालतीनं तुह्यासाठी एक पुडी देऊन ठेवली आहे, घेऊन जाय. मी म्हटलं, पुढच्या वेळी. हातात पिशवी नव्हती, आणि बस हॉर्न देऊन राहिली होती. बहुतेक बडीशेप असेल.

शर्टाचं बटण पडलं. कुठं पडलं माहीत नाही. सेफ्टी पिन लावली. लांबून कळत नाही.

४ मार्च, बुधवार.

फार वाईट प्रकार.

पानठेल्यावर उभा होतो. श्रीकांत होता, सायकल दुकानवाला, आणि पाच-सहा जण. सौंसरची बस आली. कंडक्टर दारातूनच ओरडला, ते उत्तम कोण आहे बे? सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. कंडक्टर म्हणाला, लीलाबाईनं सांगितलं, पोरगी म्हणते का ठीक म्हणजे ठीक, अजून काय सांगू. आणि हेही म्हणे, त्यायले मी कशी वाटली होती ते एकदा आठवून पाहा म्हणा.

बसमधल्या लोकांनी खिडक्यांतून डोकी काढली. एका म्हाताऱ्यानं मला नीट पाहिलं आणि शेजारच्याला म्हणाला, ठीकच तर हाये.

श्रीकांत आता मला ठीकभाऊ म्हणतो.

मी तिच्याबद्दल काय म्हटलं होतं ते आठवून पाहिलं. डायरी मागं चाळायला घेतली, पण ढेपेच्या जाहिरातीखाली बारीक अक्षरात गावोगावच्या बाजारांचे वार दिले आहेत, ते वाचण्यात वेळ गेला.

९ मार्च.

आईनं नवे कप आणले. पांढरे, निळ्या काठाचे. फडताळात सगळ्यात वर ठेवले. मी एकात चहा मागितला तर म्हणाली, ते पाव्हण्यांचे आहेत. शेजारच्या उषाकाकूंकडून एक खुर्चीही आणून ठेवली आहे, हाताची. रोज पुसते. बाबा संध्याकाळी आल्यावर दाराकडे पाहतात, मग माझ्याकडे. विचारतात, अजून बागेचं काम नाई का उरकलं? मी म्हणतो, यंदा संत्रं जास्त आहे.

मला या घरात कोणी समजून घेत नाही. मी त्यांच्याच सुनेच्या शब्दसंपत्तीसाठी झटून राहिलो.

१७ मार्च, मंगळवार.

तीन-चार दिवस रेडिओवर टेस्ट मॅच होती. देशाचा प्रश्न असताना वैयक्तिक कामं बाजूला ठेवावी. आज थोडक्यात हरलो. मन कुठं लागत नाही. सौंसर रद्द.

२६ मार्च. दुपार.

कोशाचं काम पुढे सरकलं नाही, पण प्रयोग केला. आईनं वांग्याची भाजी केली. तिनं विचारलं नव्हतं, तरी मी म्हटलं, ठीक आहे. मग तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. काही झालं नाही. तिनं अजून वाढली. मग बाबांना विचारलं, बाबा, भाजी कशी आहे? बाबा म्हणाले, ठीक आहे. आईनं त्यांनाही वाढली. मी म्हटलं, बाबा, तुम्ही आईला कधी साजरी म्हटलं का? बाबांनी घास खाली ठेवला. आई म्हणाली, मुकाट्यानं जेव. पण ती ओट्याकडे तोंड करून बराच वेळ काहीतरी पुसत होती आणि मानेनं हसून राहिली होती असं मागून वाटलं.

प्रयोगातून काही निष्कर्ष निघाला नाही.

५ एप्रिल, रविवार.

निर्णय घेतला. पक्का. ठीक मान्य करायचं. मोठ्या मनाचा माणूस शब्दावर अडून बसत नाही. चौदा एप्रिलला, जयंतीला, सौंसरला जायचं, सुखदेवभाऊंच्या घरी पाणी प्यायचं, बोलावणं द्यायचं. शुभ दिवस. इतके दिवस थांबलो ते यासाठीच, असं आता लक्षात येतं.

मालतीला पुढे कधी सांगेन, मी तुझ्या एका शब्दावर किती काम केलं. ती चकित होईल. शिलाई मशीन खिडकीजवळ ठेवावी लागेल, उजेडाला. आपल्या घरात दक्षिणेची खिडकी आहे. तिथं आता माझी सायकल असते, ती बाहेर काढता येईल. हे नुसतं लिहून ठेवलं.

१४ एप्रिल, मंगळवार. सौंसर. आत्याच्या घरी लिहून राहिलो.

सकाळीच आलो. निळे झेंडे, पांढरे कपडे, सगळं गाव रस्त्यावर. मीही पांढरा शर्ट घातला, तोच, पिन लावून. आत्यानं पुन्हा पुडीचं म्हटलं. म्हटलं, मिरवणूक झाली की.

मिरवणुकीत सुखदेवभाऊ दिसले. मी स्वतः होऊन पुढे गेलो आणि जयभीम केला. त्यांनी हात हातात घेतला आणि सोडला नाही. बँड फार जोरात होता. कानाशी येऊन म्हणाले, काय जी उत्तमराव, घरी सगळे बरे? मी म्हटलं, ठीक. ते म्हणाले, मोतीरामदादा? मी म्हटलं, ठीक. ते म्हणाले, अजून काय? मी म्हटलं, बाकी ठीक.

ते माझ्याकडे पाहत उभे राहिले. मागचे लोक धक्के मारून पुढे जात होते, तरी ते उभेच. मला वाटलं बँड थांबला की बोलावं. शिवाय बोलावणं रस्त्यात देत नाहीत, त्यांच्या घरचं पाणी प्यावं लागतं. रीत म्हणजे रीत. बँड काही थांबला नाही. मग त्यांनी हात सोडला, मान हलवली आणि पुढे गेले. भला माणूस आहे. माझ्याशी बोलायला त्यांना आवडतं असं दिसतं.

संध्याकाळी त्यांच्या घरी जाणार होतो. पण पंगतीत वाढायला माणूस कमी होता. मी बुंदी वाढली. सगळे म्हणाले, हा पोरगा चांगला वाढते. चांगला. नोंद केली.

घरी उद्या सकाळी जाऊ. त्यांच्याकडेही दमले असतील.

१५ एप्रिल.

सकाळी उशिरा उठलो. सुखदेवभाऊ बागेवर गेले होते. बायकांना बोलावणं देणं बरोबर दिसत नाही. पुढच्या रविवारी.

पुडी राहिली.

२० एप्रिल, सोमवार.

काल रविवार होता. गेलो नाही, ऊन फार होतं.

आज सकाळच्या बसचा कंडक्टर पानठेल्यावर थांबला नाही. थेट आमच्या घरापर्यंत चालत आला. टोपी हातात. बाबा कामावर निघाले होते, त्यांना म्हणाला, लीलाबाईनं सांगितलं, मालतीचं जमलं. रामाकोन्याचा गुणवंत म्हणून मुलगा, बिजलीच्या ऑफिसात हेल्पर आहे. जयंतीच्या दुसऱ्या दिवशी त्याचा बाप आला, पाणी प्याला, बोलावून गेला. मुलीकडचे रविवारी त्यांचं घर पाहून आले. बुद्धपौर्णिमेला लग्न. सुखदेवभाऊनं निरोप दिला आहे का राग मानू नका दादा, आम्ही तुमच्या बोलावण्याची जयंतीपर्यंत वाट पाहिली.

बाबा म्हणाले, कायचं बोलावणं? ते तर फेब्रुवारीतच दिलं ना.

कंडक्टरनं माझ्याकडे पाहिलं. आईनंही. बाबांनी शेवटी.

मी म्हटलं, देणारच होतो. त्यात एक शब्दाचा प्रश्न होता.

बाबांनी सायकल पुन्हा भिंतीला टेकवली. पांढऱ्या भिंतीला हँडलची काळी रेघ पडली. म्हणाले, मी सांगत राहिलो लोकांले का सुखदेवभाऊ येऊन राहिले. मग चप्पल घालून पायीच गेले. सायकल तिथंच.

२१ एप्रिल, मंगळवार.

सौंसरला गेलो, प्रकरण काय आहे ते पाहायला. आत्याला म्हटलं, इतकी घाई कशाला केली त्यांनी? माझा निर्णय पाच तारखेलाच झाला होता, डायरीत लिहिलेलं आहे. आत्या म्हणाली, तुह्या डायरीत सुखदेवभाऊ राहतात का?

मग म्हणाली, तिनं ठीक म्हणलं ते लागलं तुले. तू काय म्हणलं होतं रे तिले? स्टँडवर? मीच तर निरोप घेऊन गेली होती. मी म्हणलं, पोरगा म्हणते का पोरगी ठीक आहे. ती मशीनवर होती. पाय थांबला नाही तिचा. म्हणाली, बरं झालं आत्या. आणि मग डबा काढून बसली.

कोणता डबा, हे मी विचारलं नाही. आत्यानं पुडी आणून हातावर ठेवली. वर्तमानपत्राची घडी. आत एक बटण. पांढरं, चार भोकांचं, शर्टाच्या बाकीच्या बटणांसारखंच. सोबत सुईत ओवलेला पांढरा दोरा, कागदात टोचून ठेवलेला. आत्या म्हणाली, तुमी गेले त्याच रात्री शोधलं तिनं. म्हणे आम्ही घर पाहायले गेलो का त्यांच्या आईजवळ देईन, लावून द्या म्हणीन. मग बोलावणं आलं नाई तर मह्याकडे दिलं.

सुईला गंज चढला होता. थोडा.

परतीच्या बसमध्ये कंडक्टरनं तिकीट फाडलं आणि पुढच्या सीटकडे वळला.

६ मे.

संकल्प नाही.

उषाकाकू खुर्ची मागायला आल्या. आईनं पुसून दिली.

१३ मे, बुधवार. बुद्धपौर्णिमा. सौंसर.

आत्यानं सांगितलं, आला नाही तर लोक बोलतील, आला तरी बोलतील, तर जेवून तरी जा. आलो.

पांढरी साडी. गुणवंत ठेंगणा आहे, दातात फट आहे. वंदना घेतली, हार घातले, झालं. मी मागच्या रांगेत होतो. मालतीनं एकदा इकडे पाहिलं, माझ्या चेहऱ्याकडे नाही, शर्टाकडे. पिन होती. मग समोर पाहिलं.

मला बुंदीवर उभं केलं. माझी ख्याती आहे इथं. सुखदेवभाऊ पंगतीतून फिरून राहिले होते. मी विचारलं, भाऊ, जावई कसा आहे? ते म्हणाले, ठीक आहे पोरगा. एवढंच. आणि पुढच्या माणसाला वाढायला सांगितलं.

हात धुताना गुणवंत शेजारी आला. मी विचारलं, तुम्हाला पाहून मुलीकडच्यांनी काय निरोप दिला होता हो? तो म्हणाला, ठीक म्हणले. मी म्हटलं, मग तुम्ही? तो म्हणाला, मग काय, बाबा गेले पाणी प्यायले. त्याला प्रश्न समजला नाही असं वाटलं. टॉवेल शोधून राहिला होता. मी माझा रुमाल दिला. परत मागितला नाही.

१४ मे, गुरुवार. पांढुर्णा. सकाळ.

लवकर उठलो. कारण नव्हतं.

शर्टाला बटण लावलं. मी लावलं, म्हणून थोडं वर-खाली झालं आहे. गंजाचा डाग पडला दोऱ्याजवळ. ठीक दिसतं.

बाबांनी विचारलं, कसं झालं लग्न? मी म्हटलं, ठीक. बाबांनी मान हलवली आणि सायकल काढली. तीन आठवड्यांनी आज पहिल्यांदा बोलले.

आईनं चहा आणून ठेवला. निळ्या काठाच्या कपात.